मोटारींतील तबकड्यांचा उजेड

मोटारीचा इतिहास सांगतांना बहुतेक लेखक तिच्या यंत्राचा, वेगाचा किंवा डौलाचा इतिहास सांगतात. दिव्यांची गोष्ट निघालीच, तर ती पुढच्या मोठ्या दिव्यांची असते; कारण रस्ता उजळणारे ते दिवे दुरून दिसतात आणि त्यांचा झोत डोळ्यांत भरतो. परंतु मोटारींत आणखी एक दिवा असतो. तो चालकाच्या पुढ्यांत, तबकड्यांच्या आड दडलेला असतो. त्याचा उजेड मोटारीबाहेर जात नाहीं आणि जाऊंहि नये अशीच अपेक्षा असते. वेग किती, तेल किती, यंत्र तापलें आहे कीं नाहीं, हें चालकाला अंधारांत वाचतां यावें एवढेंच त्याचें काम. या लहानशा दिव्याचा इतिहास मात्र लहान नाहीं. त्यांत रसायनशास्त्र आहे, डोळ्याचें शास्त्र आहे, कायदा आहे, आणि कांहीं तरुण मुलींचे गेलेले जीवहि आहेत. आज जुन्या मोटारी जतन करणारे शौकीन या दिव्याच्या जागीं नवा दिवा बसवूं पाहतात, तेव्हां हा सारा इतिहास नकळत त्यांच्या हाताखालून जात असतो.

चालकापुढील ज्या फळीला डॅशबोर्ड म्हणतात, तिचें नांव मोटारीहून जुनें आहे. घोडागाडी धांवूं लागली म्हणजे घोड्यांच्या टापांनीं चिखल, पाणी व खडे मागें उडत. ते गाडीवानाच्या व बसणारांच्या अंगावर येऊं नयेत म्हणून गाडीच्या पुढच्या बाजूस लांकडाची किंवा चामड्याची एक आडवी फळी लावीत. इंग्रजींत 'डॅश' म्हणजे जोरानें आपटणें. त्या आपटणाऱ्या चिखलाला अडविणारी फळी ती डॅशबोर्ड. पुढें घोडा गेला, चिखल उडविणारा कोणी राहिला नाहीं. पण फळी राहिली आणि तिचें नांवहि राहिलें. १८८६ सालीं कार्ल बेंझ यानें जर्मनींत आपल्या तीनचाकी मोटारीचें पेटंट घेतलें, त्या गाडीला वाचण्यासारखी एकहि तबकडी नव्हती. वेग इतका बेताचा होता कीं तो मोजण्याची गरज कोणाला भासली नाहीं.

या फळीवर पुढें जीं उपकरणें आलीं, त्यांतील पहिलीं यंत्राच्या प्रकृतीविषयीं सांगणारीं होतीं. त्या काळच्या यंत्राला वंगणाचें तेल थेंबाथेंबानें पोंचविलें जाई, आणि तो थेंब पडतो आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं अनेक गाड्यांत चालकापुढें लहान कांचेच्या नळ्या बसविलेल्या असत. त्यामागून वेगमापक आला. १९०२ सालीं ओटो शुल्झे या जर्मन संशोधकानें त्याच्या एका नव्या रचनेचें पेटंट मिळविलें. चाकाच्या गतीनें फिरणाऱ्या लवचीक दोरीच्या टोंकाला एक लोहचुंबक. त्या चुंबकाभोंवतीं धातूची एक हलकी वाटी. आणि वाटीला जोडलेला कांटा. चुंबक फिरला म्हणजे वाटींत विजेचे भोंवरे उत्पन्न होतात व ती चुंबकामागें ओढली जाते. एक बारीक कमान तिला मागें खेंचून धरते. आणि या दोन ओढींच्या मध्यें कांटा जेथें थांबेल तो वेग. चुंबक आणि वाटी एकमेकांना शिवतहि नाहींत. ही युक्ति इतकी साधी व टिकाऊ ठरली कीं पुढें अनेक दशकें बहुतेक मोटारींत तीच चालूं राहिली. तिला गिऱ्हाईक मिळण्याचें एक कारण कायदा हेंहि होतें. ब्रिटनमध्यें १९०३ च्या कायद्यानें मोटारींवर ताशीं २० मैलांची मर्यादा घातली, आणि मर्यादा आली म्हणजे आपण तिच्या अलीकडे आहों कीं पलीकडे हें चालकाला कळणें भाग पडलें.

दिवसां हें ठीक होतें. रात्रीं मात्र अडचण होती. त्या वेळचे मोटारीचे दिवे घासलेटाचे, किंवा ॲसिटिलीन वायूचे असत. कार्बाइडच्या खड्यांवर पाणी थेंबथेंब सोडलें कीं वायु निघतो व तो पांढऱ्याशुभ्र ज्योतीनें जळतो. हा प्रकार लग्नाच्या वरातींत कार्बाइडच्या बत्त्या पाहिलेल्या जुन्या पिढीला चांगला परिचित होता. पण ज्योतीला हवा लागते, तिची आंच बाहेर काढून द्यावी लागते, आणि वाऱ्यापासून तिला जपावें लागतें. असा दिवा तबकडीच्या आड बसविणें शक्य नव्हतें. बाजूच्या दिव्याची जी तिरीप आंत येईल, तीवरच चालकाला भागवावें लागे.

ही कोंडी विजेनें फोडली. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीवर चार्ल्स केटरिंग व त्याचे सहकारी यांनीं सिद्ध केलेली विजेची योजना बसविण्यांत आली. यंत्र सुरू करणें, ठिणगी पाडणें आणि दिवे लावणें हीं तिन्ही कामें एकाच योजनेनें होऊं लागलीं. या सुधारणेचा गाजावाजा झाला तो हँडल न मारतां मोटार सुरू होते म्हणून. आणि तो योग्यहि होता, कारण त्या हँडलनें उलट झटका देऊन अनेकांचे हात मोडले होते. परंतु तबकड्यांच्या दृष्टीनें खरी क्रांति निराळीच होती. मोटारींत आतां बॅटरी आली, डायनामो आला, आणि जेथें तार जाईल तेथें दिवा जाऊं शकेल अशी सोय झाली. प्रथम फळीच्या वर टोपी घातलेला एक छोटा दिवा बसवीत; त्याचा उजेड खालच्या सर्व तबकड्यांवर पडे. पुढें दिवा तबकडीच्या पोटांत गेला. आंतल्या भिंतींना पांढरा रंग देऊन उजेड कडेकडेनें आंकड्यांवर सांडेल अशी रचना झाली, आणि चालकाच्या डोळ्यांना दिवा न दिसतां केवळ उजेड दिसूं लागला.

विजेचा दिवा फळीवर येत होता त्याच सुमारास तबकडी उजळण्याची दुसरी एक युक्ति पुढें आली, आणि ती प्रथमदर्शनीं विजेहूनहि अद्भुत वाटली. १८९८ सालीं मारी व पिएर क्यूरी यांनीं पॅरिसमध्यें रेडियम या मूलद्रव्याचा शोध लावला. रेडियममधून अदृश्य किरण सतत बाहेर पडतात. ते झिंक सल्फाइडवर, म्हणजे जस्त व गंधक यांच्या संयुगावर, पडले कीं त्यांतून हिरवट प्रकाश निघतो. रेडियमचा अत्यल्प अंश या भुकटींत मिसळून, तिला चिकटपणा आणून रंग केला, आणि त्या रंगानें आंकडे व कांटे रंगविले, म्हणजे ते अंधारांत आपोआप चमकत. तार नको, बॅटरी नको, ज्योत नको. पहिल्या महायुद्धांत शिपायांच्या मनगटी घड्याळांना व विमानांच्या उपकरणांना हा रंग फार उपयोगी पडला. युद्ध संपल्यावर तो घरगुती घड्याळांवर आला, विजेच्या बटणांवर आला, आणि कांहीं मोटारींच्या तबकड्यांवरहि आला.

हा रंग लावण्याचें काम अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांतील ऑरेंज, कनेक्टिकटमधील वॉटरबरी आणि इलिनॉयमधील ऑटावा अशा गांवीं चाले, आणि तें करणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या. आंकडे बारीक, म्हणून कुंचल्याचें टोंकहि बारीक हवें. तें टोंक ओठांत धरून अणकुचीदार करावें असें त्यांना शिकविलें जाई. दर वेळीं रंगाचा कण तोंडांत जाई. त्यांत अपाय कांहीं नाहीं, असें सांगितलें जाई. उलट रेडियम ही त्या काळीं आरोग्यवर्धक वस्तु म्हणून बाजारांत मिरवत होती. काम संपवून मुली घरीं जात तेव्हां त्यांचे केंस व कपडे अंधारांत चमकत, आणि त्यांना त्याची मौजच वाटे.

रेडियमचा रासायनिक स्वभाव कॅल्शियमसारखा आहे. म्हणून शरीर फसतें. त्याला हाडांत नेऊन सांठवितें. आणि तेथें तें वर्षानुवर्षें किरण सोडीत राहतें. कांहीं वर्षांनीं या मुलींचे दांत पडूं लागले, जबड्यांचीं हाडें कुजूं लागलीं, अंगांतलें रक्त आटूं लागलें. मालकांनीं दोष नाकारला. १९२५ सालीं हॅरिसन मार्टलंड या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यानें रेडियमचा व या रोगाचा संबंध दाखवून दिला. १९२७ सालीं ग्रेस फ्रायर व तिच्याबरोबर आणखी चार स्त्रिया न्यायालयांत उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षीं तडजोड होऊन प्रत्येकीला १०,००० डॉलर रोख, वार्षिक नेमणूक व औषधोपचाराचा खर्च मिळाला. त्याच १९२८ सालीं या रंगाचा प्रमुख जनक सॅबिन फॉन सोखोकी हाहि आपल्याच निर्मितीच्या बाधेनें मरण पावला. इलिनॉयमधील कॅथरीन डोनह्यू हिनें तर अंथरुणावर पडल्या पडल्या साक्ष दिली, आणि १९३८ सालीं तिच्या बाजूनें निकाल लागला. त्याच वर्षीं ती वारली. धंद्यामुळें जडणाऱ्या रोगांची जबाबदारी मालकावर येते हें तत्त्व अमेरिकेंत दृढ होण्यास या स्त्रियांचा लढा मोठ्या प्रमाणांत कारणीभूत झाला.

ही हकीगत जुन्या मोटारींच्या शौकिनांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे, आणि तीहि केवळ करुणेपोटीं नव्हे. रेडियमचें अर्धायुष्य सुमारें १६०० वर्षें आहे. तबकडीवरची चमक मात्र कांहीं वर्षांतच ओसरते, कारण किरणांच्या सततच्या माऱ्यानें झिंक सल्फाइडच निकामी होतें. म्हणजे १९२५ च्या सुमाराची रेडियमनें रंगविलेली तबकडी आज पाहिली, तर ती अंधारांत मुळींच चमकत नाहीं. तिच्यांतलें रेडियम मात्र जवळजवळ होतें तेवढेंच आहे. चमक गेली म्हणून धोका गेला असें मानून कोणी अशी तबकडी उघडून तिच्यावरचा पोपडा धरलेला रंग खरवडूं लागला, तर त्याची धूळ श्वासांतून आंत जाते. फार जुन्या मोटारीच्या किंवा लष्करी गाडीच्या तबकडीवर तपकिरी, करपल्यासारखे आंकडे दिसले, तर कांच न उघडणें आणि किरणमापक यंत्रानें तपासून घेणें, हीच शहाणपणाची पहिली पायरी होय. १९६० च्या दशकांत रेडियमचा हा उपयोग मागें पडला, आणि मोटारींत तर त्यापूर्वींच विजेच्या दिव्यानें बाजी मारली होती.

परंतु विजेचा दिवा जिंकला तरी त्याचा रंग कोणता असावा, हा वाद मिटला नाहीं. कारण अंधारांत वाचण्याचा प्रश्न केवळ दिव्याचा नाहीं. तो डोळ्याचाहि आहे. मानवी डोळ्याच्या आंतील पडद्यांत दोन प्रकारच्या पेशी असतात. एक शंकूच्या आकाराच्या; त्यांना रंग कळतो व बारीक अक्षर वाचतां येतें, पण त्यांना उजेड भरपूर लागतो. दुसऱ्या दंडाच्या आकाराच्या. त्यांना रंग कळत नाहीं, परंतु त्या अगदीं मंद उजेडांतहि काम करतात. या दुसऱ्या पेशी निळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत अधिक दाद देतात आणि तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या असतात. संध्याकाळीं उजेड ओसरूं लागला म्हणजे बागेंतील तांबडीं फुलें आधीं काळवंडतात आणि त्यांचींच हिरवीं पानें मात्र उजळ दिसत राहतात, तें यामुळेंच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यानें या चमत्काराचें वर्णन केलें, आणि आजहि तो त्याच्याच नांवानें ओळखला जातो.

यांतून दोन पंथ निघाले. पहिला म्हणतो, दिवा हिरवा असावा; कारण थोड्या उजेडांत डोळ्याला हिरवें अधिक दिसतें, म्हणून दिवा मंद ठेवूनहि आंकडे वाचतां येतात. विसाव्या शतकाच्या मध्यकाळांतील अनेक इंग्रजी व अमेरिकन मोटारींत तबकडीभोंवतीं जो हिरवट किंवा निळसर उजेड दिसतो, त्यामागें ही सोय आहे. दुसरा पंथ म्हणतो, दिवा तांबडा असावा. दंडपेशी अंधाराला पुरत्या सरावण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात, आणि पांढऱ्या उजेडाची एक तीव्र तिरीप ती सारी कमाई क्षणांत घालविते; तांबड्या उजेडानें मात्र ती फारशी ढळत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत विमानांच्या व पाणबुड्यांच्या उपकरणांना तांबडा उजेड देण्यांत आला, तो याच विचारानें. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू मोटारींतील नारिंगी-तांबडा उजेड हा त्याच घराण्यांतला.

तांबड्यालाहि दोष आहेत. नकाशावरच्या तांबड्या रेघा त्यांत दिसेनाशा होतात. शिवाय तांबडे किरण डोळ्यांत किंचित् मागें एकवटतात, त्यामुळें चाळिशी लागलेल्या माणसाला जवळचा आंकडा तांबड्या उजेडांत वाचणें अधिक जड जातें. म्हणून पुढें विमानांतहि मंद पांढऱ्या उजेडाकडे कल झुकला. सारांश, सर्वांना व सर्व वेळीं योग्य असा एकच रंग नाहीं. एक गोष्ट मात्र दोन्ही पंथांना मान्य आहे: आंतला उजेड गरजेहून अधिक झाला तर तो शत्रु होतो. तो पुढच्या कांचेवर उमटतो, बाहेरचा रस्ता त्यामुळें काळा दिसूं लागतो, आणि रस्त्याच्या कडेनें चालणारा माणूस त्या काळोखांत हरवतो.

इतकें पाहिल्यावर जुन्या मोटारीचा मालक जी तक्रार नेहमीं करतो तिच्याकडे वळतां येईल. तक्रार अशी कीं, तबकड्या रात्रीं वाचतां येत नाहींत. हा दोष मूळचाच असें पुष्कळजण समजतात. इंग्लंडमध्यें मोटारींचें विजेचें सामान करणाऱ्या ल्यूकस या बर्मिंगहॅमच्या प्रसिद्ध कारखान्याला शौकिनांनीं विनोदानें 'अंधाराचा राजपुत्र' अशी पदवीच देऊन टाकली. विनोद चांगला आहे. पण अर्धी शताब्दी उलटलेल्या तारांचा दोष सर्वस्वी कारखान्याच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं. त्या काळीं अनेक इंग्रजी मोटारींत प्रत्येक तबकडीमागें आट्यांचा एक छोटा बल्ब असे, त्याची शक्ति अवघी २.२ वॅट. नवा असतांना तो पुरेसा होता. मग तो मंद कशामुळें झाला?

पहिलें कारण विजेच्या दाबाचें. तापलेल्या तारेच्या दिव्याचा उजेड विजेच्या दाबाच्या प्रमाणांत बदलत नाहीं, त्याहून कितीतरी झपाट्यानें बदलतो. दाब शेंकडा १० नें घटला तर उजेड शेंकडा ३० च्या आसपास घटतो. जुना डायनामो यंत्र संथ चालत असतां पुरेसा दाब देत नाहीं, आणि त्यांतच दिव्याची जोडणी गंजलेली असेल तर उरलेला दाब त्या गंजांतच खर्ची पडतो. मोटारींत दिव्याकडे जाणारी तार एकच असते; परतीचा मार्ग गाडीच्या लोखंडी सांगाड्यांतून, म्हणजे ज्याला कारागीर 'अर्थ' म्हणतात त्यांतून असतो. तेथें रंगाचा थर किंवा गंज बसला कीं दिवा अर्धमेला होतो. दुसरें कारण, बल्बमधील टंगस्टनची तार तापून तापून झिजते व तिची वाफ कांचेवर काळी बसते. तिसरें, तबकडीच्या पोटांतला पांढरा रंग पिवळा पडतो किंवा त्याचे पोपडे निघतात, आणि उजेड परतविणारी भिंतच उजेड गिळूं लागते. चौथें कारण, उजेड कमी-अधिक करणारें जें फिरतें बटण असतें त्यांतील तारेच्या वेटोळ्यावर मळ चढतो.

पांचवें कारण मोटारींत नाहींच. तें चालकांत आहे. वय वाढतें तशी डोळ्याची बाहुली लहान राहूं लागते व आंतलें भिंग पिवळसर होतें. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तरुणाच्या मानानें सुमारें एक तृतीयांशच उजेड पोंचतो. तरुणपणीं ज्या गाडीची तबकडी लख्ख दिसे, तीच गाडी चाळीस वर्षांनीं दुरुस्त करून पुन्हा चालविणाऱ्याला दिवा मंद झाला असें वाटलें, तर दिवा आणि डोळा दोघेहि त्यांत वांटेकरी असतात.

नव्या उजेडाची हौस कारखानदारांनाहि होतीच. १९३६ सालीं जॉर्ज देस्त्रिओ यानें पॅरिसमध्यें असें दाखविलें कीं, झिंक सल्फाइडला केवळ उलटसुलट बदलत्या विजेच्या क्षेत्रांत ठेवलें तरी तें प्रकाश देतें. रेडियमच्या रंगांतलेंच हें द्रव्य. पण आतां घातक सोबत्यावांचून. १९६० सालच्या क्रायस्लर मोटारींत या तत्त्वावर उजळणाऱ्या तबकड्या आल्या. त्यांत बल्ब नव्हताच. आंकडे आणि कांटे स्वतःच निळसर हिरवे तेवत. पाहणाऱ्याला भूल पडावी असा तो देखावा होता. परंतु त्यासाठीं बॅटरीच्या १२ व्होल्टपासून सुमारें २०० व्होल्टची बदलती वीज तयार करणारी एक पेटी लागे; खर्च वाढे, आणि पेटी बिघडली कीं सगळी फळी काळी पडे. कांहीं वर्षांतच ही पद्धत मागें पडली.

टिकाऊ उत्तर आलें तें अर्धवाहकांच्या दिव्यांतून, म्हणजे एलईडीमधून. १९६२ सालीं अमेरिकेंत निक होलोन्याक यानें डोळ्यांना दिसणारा तांबडा एलईडी तयार केला. १९७६ सालीं इंग्लंडमध्यें जगापुढें मांडलेल्या ॲस्टन मार्टिन लगोंडा या मोटारीनें तर कांटेच टाकून देऊन एलईडीचे तांबडे आंकडे दाखविण्याचा घाट घातला. पण ती योजना इतकी हट्टी निघाली कीं पुढें ती बदलावी लागली. खरी अडचण निळ्या रंगाची होती. निळा नाहीं तर पांढरा नाहीं. ती जपानमध्यें सुटली. इसामु आकासाकी व हिरोशी अमानो यांनीं पाया घातला, आणि १९९३ सालीं शुजी नाकामुरा यानें तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केला. या तिघांना २०१४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या शोधानंतर थोड्याच वर्षांत पांढरा एलईडी बाजारांत आला, आणि जुन्या २.२ वॅटच्या बल्बच्या खोबणींत बरोबर बसणारे नवे दिवे जुन्या मोटारींच्या मालकांना सहज मिळूं लागले.

बल्ब काढला आणि एलईडी लावला, इतकें हें सोपें दिसतें. प्रत्यक्षांत येथेंच जुन्याची आणि नव्याची गांठ पडते. साध्या बल्बला वीज कोणत्या दिशेनें येते याचें सोयरसुतक नसतें, एलईडीला असतें. १९६० च्या दशकापर्यंत बहुतेक इंग्रजी मोटारींत बॅटरीचें धन टोंक सांगाड्याला जोडीत, आजच्या उलट. अशा गाडींत दिशा न पाहतां आणलेला एलईडी पेटतच नाहीं. उजेड कमी करण्याचें जुनें बटण बल्बच्या भरघोस प्रवाहासाठीं योजलेलें. एलईडी इतकी थोडी वीज घेतो कीं बटण फिरविलें तरी फरक जाणवत नाहीं, आणि मंद तबकडीचा त्रास जाऊन प्रखर तबकडीचा त्रास सुरू होतो. बल्ब चोहोंकडे उजेड फेंकतो, एलईडी बहुधा समोर. म्हणून आंकड्यांवर एके ठिकाणीं झगमग व शेजारीं काळोख असे ठिपके पडतात. मूळच्या हिरव्या गाळणीमागें निळसर पांढरा एलईडी लावला तर तो जुना मऊ हिरवा रंग न येतां भलताच थंड रंग येतो. तेथें पिवळट पांढरा किंवा हिरवाच निवडावा लागतो.

सर्वांत फसवी गोष्ट तांबड्या इशारादिव्याची. आल्टरनेटर असलेल्या अनेक जुन्या गाड्यांत बॅटरी भरत नसल्याचा इशारा देणारा जो दिवा असतो, त्याच्यांतून जाणारा थोडासा प्रवाहच आल्टरनेटरला प्रथम चेतवितो. तेथें एलईडी लावला, तर तो प्रवाह पुरत नाहीं. दिवा सुंदर दिसतो, आणि बॅटरी मात्र भरत नाहीं. वळण्याची खूण दाखविणाऱ्या दिव्याचेंहि तसेंच. कांहीं मोटारींत डाव्या व उजव्या दोन्ही बाजूंसाठीं एकच दिवा असतो आणि त्यांतून वीज आळीपाळीनें दोन्ही दिशांनीं जाते. एकाच दिशेचा एलईडी तेथें एका बाजूला पेटेल व दुसऱ्या बाजूला मौन धरील. म्हणून जाणते कारागीर तबकड्या उजळणारे दिवे बदलतात, आणि इशारादिव्यांना सहसा हात लावीत नाहींत. दुसऱ्या टोंकाला, उजेड वाढवावा म्हणून त्याच खोबणींत अधिक वॅटचा जुन्या धर्तीचा बल्ब बसविणें हें तर याहून वाईट. त्याची उष्णता गाळण्या वितळविते व आंकड्यांचा रंग करपविते.

आतां प्रश्न उरतो तो औचित्याचा. जुनी मोटार म्हणजे चालतीबोलती ऐतिहासिक वस्तु. तिच्यांत आजचा दिवा घालणें कितपत योग्य? जुन्या वाहनांची फिवा ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे. २०१२ सालीं तिनें ट्यूरिनची सनद मान्य केली. सनदेचा रोख असा कीं, मूळ वस्तु शक्य तितकी राखावी. सुरक्षिततेसाठीं बदल करावाच लागला तर तो मोजका असावा, पुन्हा उलटवितां यावा, आणि त्याची नोंद ठेवावी. भारतांतहि २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठीं निराळ्या नोंदणीचे नियम केले. वाहन मूळ स्वरूपांत असावें आणि सांगाडा, वरची बांधणी व यंत्र यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यांत अट आहे. वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९६० च्या दशकांत बाहेर पडलेल्या फिआट ११०० गाड्या वयानें तरी आतां या वर्गांत बसतात. त्यांचीच धाकटी बहीण पद्मिनी. ती मुंबईच्या टॅक्सीतळांवरून २०२३ च्या ऑक्टोबरांत कायमची गेली, आणि तेव्हांपासून महाराष्ट्रांतील अनेक घरांत ती जुनी गाडी न राहतां जपावयाची गाडी झाली आहे. तबकडीमागचा एक बल्ब बदलल्यानें अशा गाडीच्या मूळ स्वरूपाला बाध येत नाहीं. पण तबकडी कापणें, मागची तार तोडून नवी ओढणें, जुनी गाळणी फेंकून देणें, हे बदल उलटवितां येत नाहींत.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम जोडण्या घासून स्वच्छ कराव्या, गंज काढावा, अर्थची तार पक्की करावी. तबकडी रेडियमची नाहीं याची खात्री पटल्यावर तिच्या पोटाला नवा पांढरा रंग द्यावा. मग मूळच्याच शक्तीचा नवा बल्ब लावून पाहावा. पुष्कळदां एवढ्यानेंच काम भागतें, आणि मालकाला कळतें कीं कारखान्यानें केलेली योजना मुळांत वाईट नव्हती. तरीहि कमी पडलें, तर त्याच खोबणींत बसणारा, योग्य रंगाचा एलईडी लावावा, आणि काढलेले बल्ब कागदांत गुंडाळून गाडीच्याच एखाद्या कप्प्यांत ठेवून द्यावे. पुढें ती गाडी ज्याच्या हातीं जाईल, त्याला तिचा जुना उजेड पाहावासा वाटला तर तो पाहतां आला पाहिजे.